मेन बंद करू नका

दीपाने स्क्रीनकडे पाहिलं, चष्मा काढून ओढणीने पुसला आणि पुन्हा पाहिलं. दोष चष्म्याचा नव्हता. शाखांच्या नावांपुढचे ठिपके लालच होते. दारव्हा लाल, बोरी अरब लाल, घाटंजी लाल, पांढरकवडा लाल, आणि सगळ्यात खाली मुकुटबन, तेही लाल. हिरवं होतं फक्त यवतमाळचं मुख्य कार्यालय, म्हणजे ती बसली होती तीच इमारत. आपल्याच अंगणात वरात फिरवून घरी परतल्यासारखं झालं होतं ते.

पतसंस्थेच्या सगळ्या शाखांमधलं जुनं ऑफिस सॉफ्टवेअर काढून नवं बसवायचं होतं. ऑडिटवाल्यांनी तशी तंबीच दिली होती. आजवर हे काम म्हणजे शाखाशाखांत जायचं, एकेका कॉम्प्युटरपुढे बसायचं आणि स्क्रीनवरची पट्टी पूर्ण भरेपर्यंत चहा पीत राहायचं. दीपाने त्याऐवजी एक स्क्रिप्ट लिहिली होती. यवतमाळच्या सर्व्हरवरून हुकूम सुटायचा, की प्रत्येक कॉम्प्युटर आपलं आपण जुनं काढून टाकणार, नवं ओढून घेणार, बसवणार आणि पुन्हा सुरू होणार. कामाच्या वेळात केलं तर शाखांची लाइन तुंबून व्यवहार अडले असते, म्हणून तिने शनिवार संध्याकाळ ते रविवार रात्र ही वेळ नेमली होती. शाखांना परिपत्रक गेलं होतं, वर तिने स्वतः फोन केले होते. कॉम्प्युटर चालू ठेवून घरी जा. सगळे एका सुरात "हो मॅडम" म्हणाले होते.

आता सोमवारी सकाळी तिने बोरी अरबला स्पीकरवर फोन लावला. तिकडचा शिपाई उकंडा अगदी दुखावला गेला.

"चालूच ठेवला नं मॅडम! बटनाले हात नाई लावला कोनी. मेन तेवढा बंद केला."

मागच्या खुर्चीत बसलेला धर्मपाल खो खो हसला. हसताना त्याला ठसका लागला.

"सर्व्या शाखांनी तेच केलं असन," तो म्हणाला. "त्याईचा दोष नाई, माय. म्याच शिकवलं त्याईले."

धर्मपाल पतसंस्थेचा फिरता कॉम्प्युटरवाला होता. करारावरचा माणूस, पण करार दर मार्चला इतक्या मुकाट्याने वाढत आला होता, की तो करारावर आहे हे बहुतेक लोक विसरून गेले होते. काही वर्षांपूर्वी बोरी अरबच्या शाखेजवळ वीज पडली आणि तिथले सगळे कॉम्प्युटर एका झटक्यात जळाले. त्यानंतर धर्मपाल मोटरसायकल काढून शाखाशाखांत गेला होता. घरी जाताना मेन स्विच बंद, मग प्लग काढायचे, मग वरून कापड. त्याने हे इतकं मनापासून शिकवलं होतं, की व्यवस्थापक बदलले, शिपाई बदलले, पण मेन बंद केल्याशिवाय कुठल्याही शाखेला कुलूप लागलं नाही. साहेबांच्या सहीचं परिपत्रक त्यापुढे काय टिकणार!

सरव्यवस्थापक हरिसिंग राठोड यांनी दीपाला केबिनमध्ये बोलावलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला नंतर वाटलं.

"येत्या शनिवारी पुन्हा करून पहा," ते म्हणाले. "इथून झालं, तर एप्रिलपासून फिरता माणूस ठेवायची गरज उरत नाही. तुम्हाला कायम करायचा विषयही मग मला संचालकांपुढे मांडता येईल. नाही झालं, तर धर्मपाल आहेच. जाईल पेनड्राइव्ह घेऊन, आणि त्याचा करार वाढवू."

दीपा उठू लागली, तसं त्यांनी थांबवलं.

"त्याला एवढ्यात सांगू नका. उगाच आधीपासून मन मोडायचं कशाला?"

तिने मान हलवली. ती मान होकाराची होती, नकाराची नव्हती, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

धर्मपाल तिच्याच गावचा, तिच्याच वस्तीतला. वडील गेल्यावर ती कॉलेज सोडायच्या बेतात होती, तेव्हा याच माणसाने साहेबांपुढे उभं राहून, पोट्टी हुशार आहे, एकदा पाहा तर खरं, असं म्हणत तिला इथे चिकटवलं होतं. पहिले काही महिने ती त्याच्या मागे बसून शाखा फिरली होती. कॅबिनेट उघडून धूळ कशी फुंकायची, आत पाल निघाली तर किंचाळायचं नाही, आणि व्यवस्थापकाने आपल्याच हाताने फाइल उडवली असली तरी 'कॉम्प्युटरनंच उडवली' असं म्हणायचं, हे सगळं तिने त्याच्याकडून घेतलं होतं. आणि आता तिला त्याच्याकडेच मदत मागायची होती.

दुपारी दोघं बाहेरच्या टपरीवर चहाला गेले.

"दादा, फोननं नाही होत हे. तुम्ही सांगितलं तरच ऐकतील ते."

"म्हंजे मी जाऊ? सर्वीकडं?"

"हो. येत्या शनिवारी कोणी मेन बंद करू नये, एवढंच सांगायचं."

धर्मपालने चहाचा ग्लास खाली ठेवला. "साहेब सांगून राह्यले, का तू सांगून राह्यली?"

"मी."

"मंग जातो."

आत्ता सांगावं, असं तिच्या मनात आलं. शब्द अगदी ओठांवर आले होते. 'दादा, हे जमलं तर तुमचं काम जाईल.' एवढंच वाक्य. ते गिळून ती म्हणाली, "ऊन फार आहे. रुमाल बांधून जा."

तो दुसऱ्याच दिवशी निघाला, आणि प्रत्येक शाखेतून त्याचा फोन येऊ लागला.

"दारव्हा झालं, माय. मॅनेजर म्हने, वीज पडली तं कोन भरून देईन? म्या म्हटलं, आभाय आलं तं बंद करा, नाई तं राहू द्या. आयकलं त्यानं."

"बरं झालं."

"हौ." फोन मात्र त्याने ठेवला नाही. "अजून काई?"

"नाही दादा. सावकाश जा."

असंच बोरी अरबहून, असंच घाटंजीहून, असंच पांढरकवड्याहून. प्रत्येक वेळी तो शेवटी विचारायचा, "अजून काई?" आणि प्रत्येक वेळी ती काहीतरी भलतंच बोलायची. जेवलात का, गाडीत पेट्रोल आहे का. एकदा तर तिने चक्क त्याच्या गुडघ्याची चौकशी केली. त्याचा गुडघा कधीच दुखत नव्हता. फोन ठेवल्यावर तिला स्वतःचा राग यायचा, आणि तो जिरायच्या आत पुढच्या शाखेतून फोन यायचा.

शनिवारी दुपारी तो मुकुटबनहून बोलला. "ही शेवटची. इथल्या शिपाई नलूबाईले सांगतलं बराबर. तिले विजेचा लय भेव आहे, पन ठेवतो म्हने चालू." आणि मग, नेहमीसारखं, "अजून काई?"

"नाही. या आता घरी."

मग तो म्हणाला, "हौ, येतो."

रविवारी सकाळी दीपा कार्यालयात आली आणि कुलूप उघडून एकटीच स्क्रीनपुढे बसली. यवतमाळवर आभाळ भरून आलं होतं. दारव्हा हिरवं झालेलं होतं. बोरी अरबही. घाटंजीचे दोन कॉम्प्युटर अडखळले आणि मग सरळ झाले. पांढरकवडा तिच्या डोळ्यांदेखत हिरवं झालं. महिनाभर खपून लिहिलेली गोष्ट मैलोन्मैल दूरच्या बंद खोल्यांत आपली आपण काम करत होती. तिला आनंद झाला, हे खोटं नाही. तो लपवावा असं वाटलं, हेही खोटं नाही.

मुकुटबन मात्र लालच राहिलं. तास गेला, आणखी एक गेला, तरी लाल. दीपाच्या लक्षात आलं की आपल्याला त्याची हुरहूर नाही, उलट हलकं वाटतंय. एक शाखा राहिली तर साहेबांना म्हणता येईल, लांबच्या ठिकाणी नाही चालत हे, फिरता माणूस लागतोच. ते वाक्य तिने मनात दोनदा म्हणूनही पाहिलं. नलूबाईने घाबरून मेन बंद केला असेल तर देव तिचं भलं करो, असं तिला वाटलं.

दुपारी आभाळ निवळलं, ऊन पडलं, आणि मुकुटबन हिरवं झालं.

सोमवारी साहेबांनी पेढे मागवले. लोक दीपाच्या टेबलाशी येऊन अभिनंदन करून गेले. धर्मपाल आला नव्हता; थकलाय, उद्या येतो, असा त्याचा निरोप होता. सगळीकडे फाइली नीट उघडतात ना, हे विचारायला दीपाने एकेका शाखेला फोन लावला. मुकुटबनला व्यवस्थापक अजून यायचे होते. फोन नलूबाईने उचलला. शाखा उघडली तेव्हापासून ती तिथे होती.

"सारं बराबर आहे मॅडम. भाऊनं काल पाहूनच घेतलं नं."

"कोण भाऊ?"

"धर्मपालभाऊ. काल इथंच बसून होता तो." नलूबाईचा आवाज ओशाळला. "चूक माही झाली. शनिवारी संध्याकाळी आभाय गर्जाले लागलं, मले भेव वाटला, म्या मेन बंद केला. मंग भाऊले फोन केला. तो पांढरकवड्यापर्यंत पोचलता. राती तिथंच कोनाकडं राह्यला आन् सकाळी वापस आला. आभाय मोकळं होयेपर्यंत वाट पाह्यली, मंग स्वतः मेन चालू केला. पट्टी भरेपर्यंत उठला नाई."

दीपाने फोन दुसऱ्या हातात घेतला.

"म्या म्हटलं, भाऊ, कायले येवढी धावपळ? नाई झालं तं पुढच्या टायमाले करजा. तं म्हने, आता पुढचा टाइम नाई, नलूबाई. हे चाललं का आपलं फिरनं सरलं. सर्व्याईले भेटून घेतलं म्हने या हप्त्यात."

"त्यांना हे कोणी सांगितलं?"

"कोनी कायले सांगन? समजते नं मानसाले. म्याच इचारलं, तुमच्या त्या मॅडमले माहीत आहे का? तं हासला. म्हने, तिले माहीत आहे, पन सांगाले जीभ उचलून नाई राह्यली तिची. म्हनून जिथं जातो तिथून फोन करतो. सांगन म्हने एखाद्या टायमाले." नलूबाई थांबली. "सांगतलं का मंग तुमी?"

फोन ठेवून दीपा उठली, जिन्यापर्यंत गेली आणि पायरीवर बसली. खाली रस्त्यावर ऑटोवाले ओरडत होते. तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. आली ती नुसती शरम, आणि ती रडण्याने धुवून निघणारी नव्हती. रुमाल बांधा, पेट्रोल आहे का, गुडघा कसा आहे. तिची ती सगळी वाक्यं त्याने ऐकून घेतली होती, आणि शेवटी दर वेळी तिला जागा करून दिली होती.

तिने त्याचा नंबर लावला.

"बोल, माय."

"दादा, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. मी ते आधीच सांगायला हवं होतं."

"सांग नं."

ती बोलत गेली. साहेब काय म्हणाले ते, एप्रिलपासून करार राहणार नाही ते, आपल्याला कायम करणार आहेत तेही. वाक्यं मध्येच तुटत होती. तो एकदाही मध्ये बोलला नाही. हौ नाही, हां नाही. एखादी बातमी पहिल्यांदाच कानावर पडल्यावर माणूस जसा गप्प होतो, तसा गप्प राहिला.

"असं आहे का," तो म्हणाला. "मले काई अंदाज नव्हता, माय."

दीपाने डोळे मिटले.

"बरं झालं तू सांगतलं. दुसऱ्या कोनाच्या तोंडून आयकलं असतं तं वाईट वाटलं असतं मले."

"दादा..."

"जाऊ दे आता. मार्चएंडले टाइम आहे अजून, करू काई तरी." मग आवाजात तरतरी आणून त्याने विचारलं, "आन् ते मुकुटबन? हिरवं झालं का थे?"

नलूबाईशी बोलणं झालंय, हे त्याला सांगावं असं तिला फार वाटलं. पण तसं केलं तर त्याने एवढ्या जपून तिच्यासाठी उभं केलेलं सगळं ती पुन्हा मोडणार होती.

"हो," ती म्हणाली. "काल दुपारी झालं."

"वा! म्हंजे नलूबाईनं मेन चालू ठेवला."

"हो दादा," दीपा म्हणाली. "ठेवला त्यांनी."