दोन पावलं मागं

...पांढरा, चौकोनी, त्यावर कसले तरी बारीक आकडे — त्याच्या नव्या बुटाच्या तळाला तो स्टिकर तसाच राहिला होता, पाऊल उचललं की दिसायचा, टेकलं की नाहीसा व्हायचा, आणि तनुजा सकाळपासून हे एवढं मोठं हनोई शहर सोडून नवऱ्याच्या टाचेकडेच बघत चालली होती. सांगायला काय, एका वाक्याचं काम. पण सांगायचं म्हणजे आधी त्याला गाठायला हवं, आणि चालताना गोकुळला गाठणं तिला लग्नाला एवढी वर्षं झाली तरी जमलेलं नव्हतं.

खतं-बियाण्यांच्या कंपनीनं यंदा जास्त माल खपवणाऱ्या दुकानदारांना जोडीनं व्हिएतनामला आणलं होतं, आणि गंगापूरच्या दुकानाच्या जिवावर गोकुळचाही नंबर लागला होता. पहिला दिवस मोकळा. बाकीच्या जोड्या हॉटेलात अंग टाकून पडल्या, आणि हा म्हणाला, "चल, पायी हिंडू. बसमधून काय कळतंय?" पायी म्हणजे दोघंच. आणि तिनं तर विमानात बसतानाच मनाशी घोकून ठेवलं होतं, की पहिल्यांदा शेजारी शेजारी चालायला लागलो, की त्याच पावलाला सांगून टाकायचं.

सांगायचं ते एवढंच, की संभाजीनगरच्या ज्या सरकारी दवाखान्यात ती सिस्टर होती, तिथून तिला बढती मिळत होती, वॉर्डाची इन्चार्ज म्हणून, पण नांदेडला. परत गेल्या गेल्या हो किंवा नाही कळवायचं होतं. मागं एकदा अशीच संधी आली तेव्हा तिनं जेवताना विषय काढला होता, आणि त्यानं ताटातली नजर वर न करता म्हटलं होतं, "आपल्याला काय गरजंय?" रागानं नाही, बरं का. चांगलं मायेनं. वर भाजीही मागितली. दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात नाही म्हणून सांगून आली. तेव्हा सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या, मुलगा सत्यम शाळेत होता, कारणांना काही तोटा नव्हता... आता सासूबाई नाहीत, सत्यम पुण्याला हॉस्टेलवर, एकेक कारण आपल्या पायानं निघून गेलं आणि मागं राहिलं ते नुसतं त्याचं ते वाक्य. मी त्या वाक्याला भिते, ती स्वतःशीच कबूल करायची. भळाभळा रक्त वाहणाऱ्या माणसाला टाके पडेपर्यंत दाबून धरणारी बाई मी, आणि तीन शब्दांना भिते, हे सांगितलं तर वॉर्डातल्या पोरी तोंडाला पदर लावून हसतील.

"चल की लवकर," तो मान न वळवता म्हणाला. "लई गर्दीय इथं."

गर्दी तर होतीच. फुटपाथभर निळी बुटकी स्टुलं, त्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली माणसं, वाडग्यांतून वाफा, डोक्यावर वायरींचे गुंतवळे, आणि रस्त्यानं स्कूटरी, स्कूटरी, स्कूटरी — एकीवर तर अख्खं कपाट बांधलेलं. एका गल्लीत सगळी पत्र्याचीच दुकानं, पुढच्या गल्लीत नुसते दोरखंड. तिला संभाजीनगरची गुलमंडी आठवली, दिवाळीच्या आधीच्या बाजारातली, आणि क्षणभर इतकं बरं वाटलं की थांबावंसं वाटलं. पण थांबलं की तो दिसेनासा होणार. मग पुन्हा भराभर पावलं. तळ्यापाशी पोचले तेव्हा तो कठड्याला टेकला, आणि तिला वाटलं, आता. ती शेजारी जाऊन उभी राहिली, घसा साफ केला...

"आपला हर्सूलचा तलाव यापेक्षा मोठाय," तो म्हणाला.

"मोठाय," ती म्हणाली.

"मी काय म्हणते..." तिनंच पुढं सुरुवात केली.

"भूक लागली ना? मलाबी. त्या पलीकडं बघू काही शाकाहारी भेटतंय का." आणि चालायलाही लागला.

त्याची काय चूक म्हणा. लग्नानंतरच्या पहिल्या बाजाराला, गंगापूरच्या एसटी स्टँडवरून, ती नकळत त्याच्या बरोबरीनं चालली होती. काहीतरी बोलत होते दोघं, तो हसतही होता. तर चुलतसासू द्वारकाबाई भर रस्त्यात म्हणाल्या, "जोडीनं चालायला हे काय पुणंय व्हय?" झालं. तो कानकोंडा होऊन पुढं झाला, ती मागं झाली, आणि ते दोन पावलांचं अंतर मग सवयीचं होऊन बसलं. द्वारकाबाई जाऊनही आता वर्षं लोटली. इथं तर ओळखीचं चिटपाखरू नाही, कोण नावं ठेवणार आहे? पण पायांना ते कुठं ठाऊक! आणि खरं सांगायचं तर, बाई, ती स्वतःलाच म्हणाली, तुलाही मागं राहणं सोयीचंच होतं की. मागं राहिलं की बोलावं लागत नाही.

रस्ता आला. सिग्नल नव्हता, किंवा होता तो कुणी मोजत नव्हतं. गोकुळनं आपल्या क्रांती चौकातली रीत काढली — हात वर करायचा, गाडीवाल्याकडे रोखून बघायचं आणि पळत सुटायचं. पळाला, मध्येच थबकला, एक स्कूटर कचकन वाकडी झाली, दुसरीवरची पोरगी काहीतरी ओरडली, आणि हा उलटा पळत काठावर. पुन्हा तेच. मानेवर घाम. त्याच्या मागं उभी राहून ती बघत होती. शेजारून एक म्हातारी, खांद्यावर कावड, दोन्हीकडे फळांच्या टोपल्या, खाली उतरली आणि कुणाकडेही न बघता एकाच संथ चालीनं चालू लागली, तशा स्कूटरी आपणहून तिच्या दोन्ही बाजूंनी निघून जायला लागल्या. थांबायचं नाही, एवढंच होतं तर! तनुजानं काही ठरवलं नाही. म्हातारीच्या टोपलीमागं तिचे पाय आपसूक रस्त्यावर उतरले. हॉर्न, वारा, कुणाचा तरी ओढणीला निसटता स्पर्श — घाबरायचं राहूनच गेलं, आणि ती पलीकडच्या फुटपाथवर उभी होती. कुणाच्याही मागं नव्हती ती.

मग तिनं वळून पाहिलं.

गोकुळ अजून तिथंच होता. नजर गाड्यांवर, उजवा हात उंचावलेला, आणि डावा — डावा हात मागं, पंजा उघडा, बोटं हलत होती. तिचा हात शोधत होती. भर रस्त्यात, माणसांसमोर... इतक्या वर्षांत एकदाही न केलेली गोष्ट. हाताला काही लागेना तशी त्यानं मान वळवली. मग पूर्ण वळला. दुकानांकडे, स्टुलांकडे, आल्या वाटेकडे बघू लागला. मागंच कुठंतरी असणार ती, दुसरीकडे असेल कशी? पुढं बघायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही.

अहो म्हणून एक हाक मारली असती तर या अख्ख्या शहरात वळून बघणारा तो एकटाच होता. तिनं तोंड उघडलं. आणि लक्षात आलं की नांदेडला जाऊ का, असं आता विचारायचं राहिलेलंच नाही, ते मघाशी रस्त्याच्या मध्यावर कुठंतरी ठरून गेलंय. त्याचं ते वाक्य आठवून पाहिलं तर नुसते तीन शब्द ऐकू आले, बाकी काही नाही. आनंद व्हायला हवा होता. पण पलीकडे तो मोठा माणूस पोरासारखा भांबावून गोल फिरत होता, डावा हात अजून तसाच अर्धवट पुढं, मिटायचा विसरलेला... आणि तनुजाला वाटलं, हाक मारली की तो हात धरावा लागणार, आणि धरला की नांदेड पुन्हा राहून जाणार. इतकी वर्षं ती त्याच्या वाक्याला भीत आली. आता तिला त्या हाताची भीती वाटायला लागली.