माहेरचा पंखा

पातं सुटलं तेव्हा अरुक्काणी टी-शर्टांच्या घड्या घालत होती. वर ताटं आपटल्यासारखा खणखणाट झाला, धुराचा पत्र्याचा नळ टरकन फाटला आणि पंख्याचं एक पातं भट्टीच्या तोंडाशी कामाला उभ्या असलेल्या रासात्तीचा डावा कान घेऊन समोरच्या भिंतीत रुतलं. रासात्ती ओरडलीसुद्धा नाही. तिनं कानाशी हात नेला, हाताला कान लागला नाही, आणि ती सरकत्या पट्ट्यावरच्या गरम कपड्यांवर आडवी झाली.

अरुक्काणीचा नवरा वेलुसामी यानं धावत येऊन बटण बंद केलं. रासात्तीला दोघांनी उचलून रिक्षात घातलं, सोबत बायका दिल्या. मग तो रक्तानं भिजलेला सदरा तसाच अंगावर ठेवून म्हणाला, "हातोडा दे. त्याला आत्ता खाली काढतो."

हातोडा अरुक्काणीच्याच हाताशी होता. तिनं उचलला, पण दिला नाही.

सगळ्या तिरुप्पूरला ठाऊक आहे की छापलेला कपडा भट्टीतून गेल्याशिवाय रंग पक्का होत नाही, आणि रंग तापला की चिकट धूर निघतो. तो ओढून बाहेर फेकणारा पंखा मजबूत हवा. हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण हा पंखा कुणी निवडलेलाच नव्हता. तो आहेर होता. छपाईची शेड उघडली त्या दिवशी अरुक्काणीचा धाकटा भाऊ शेन्नियप्पन यानं तो टेम्पोत घालून, हार चढवून, हळदकुंकू लावून, ढोल वाजवत आणला होता. माहेरच्या आहेराला तिकडे सीर म्हणतात, आणि सीर आपल्या हातानं खाली उतरवायचा म्हणजे तू आम्हाला मेलास असं भावाला तोंडावर सांगायचं. त्यातून तिच्या लेकीचे, कयलचे, कान टोचायचे होते. पोरगी मामाच्या मांडीवर बसल्याशिवाय कानाला सुई लागत नाही.

वेलुसामीनं पहिल्याच दिवशी नाक मुरडलं होतं. "याची मोटर धुरातच बसवलीय. तव्यात लोणी ठेवल्यासारखं आहे हे. वंगण वितळणार, पात्यांवर काजळी आणि कापसाचे तंतू चढणार, आणि मग तो थरथरणार." कोइंबतूरला जाऊन त्यानं दुसरा पंखा पाहूनही ठेवला होता. मोटर बाहेर, मधे पट्टा, पाती जाड पोलादाची, आणि काजळी खरवडायला बाजूला छोटं दार. तेव्हा अरुक्काणी म्हणाली होती, माझ्या भावाच्या वस्तूत खोट काढायची नाही. पंखा थरथरायला लागला तेव्हाही तेच म्हणाली होती.

तिनं भिंतीतलं पातं उपसलं. वरचा चंदेरी रंग उडाला होता आणि खाली हिरवा दिसत होता. असे हिरवे पंखे नदीकाठच्या रंगाऱ्यांच्या कारखान्यांत असतात, आणि तिथून भंगारातच जातात. भावाचं जुन्या मोटरींचं दुकान दोन गल्ल्या पलीकडेच होतं.

ते तिकडे निघण्याआधीच बातमी त्या दुकानात पोचली होती. शेन्नियप्पन शेडच्या दारातूनच बोलत आला. "माझा सीर उतरवणारा कोण तो मला बघू दे. धर्माची गाय, आणि म्हणे दात का नाहीत."

"मच्चान, पोरीचा कान गेलाय," वेलुसामी म्हणाला. मेहुणे एकमेकांना मच्चानच म्हणत, भांडतानाही. त्यानं पातं शेन्नियप्पनच्या पायाशी फेकलं. "खालचा रंग बघ."

"रंगाखाली रंग असतोच. तुझं घराणं खरवडलं तर काय काय निघेल?"

वेलुसामीनं त्याच्या तोंडावर बुक्की मारली. शेन्नियप्पन मागे गेला, थुंकला, थुंकीत दात होता. मग त्यानं टेबलावरची रंग ओढायची लाकडी पट्टी उचलली आणि वेलुसामीच्या कपाळावर आडवी हाणली. कपाळ फुटलं. डोळ्यांत रक्त उतरलेलं असतानाही वेलुसामीनं त्याचे केस धरले आणि त्याचा गाल भट्टीच्या तोंडावर दाबला. भट्टी बंद होती, पण निवली नव्हती. कातडी चरचरली. अरुक्काणी मधे पडली तर कुणाचं तरी कोपर तिच्या छातीत बसलं. दोन बैल झुंजतात तेव्हा मधल्या झाडाला जे मिळतं ते तिला मिळालं.

शेन्नियप्पन सुटला आणि पंख्याजवळच्या लोखंडी कट्ट्यावर चढला. उरलेल्या पात्यांवर त्यानं उजवा हात आडवा ठेवला. "हा माझ्या बापाच्या घरचा आहे. आधी हा हात तोडा, मग पंखा."

वेलुसामी डोळे पुसत भिंत चाचपत होता. अरुक्काणी हातोडा घेऊन कट्ट्यावर चढली.

"उतर, शेन्निया."

"उतरलो तर कयलला दुसरी मांडी शोध."

"रासात्तीला दुसरा कान तू शोधून देतोस का?"

तो हसला. हिरड्या लाल झाल्या होत्या. "तू मारणार, अक्का? मला कडेवर घेऊन ओढ्यावर न्यायचीस तू."

"म्हणून पुन्हा सांगतेय. हात काढ."

त्यानं हात काढला नाही. अरुक्काणीनं हातोडा उचलला आणि घातला. मनगटाचा आवाज लहानसा झाला, ओली काटकी मोडल्यासारखा. शेन्नियप्पन किंचाळत कट्ट्यावरून खाली गेला, आणि ती पंख्यावर घाव घालत राहिली. पाती वाकली, मोटर निखळली, काजळीचे काळे गोळे तिच्या तोंडावर उडाले. सगळा सांगाडा खाली कोसळला तरी तिचा हात थांबेना. शेवटी वेलुसामीनंच तिच्या हातातून हातोडा काढून घेतला. ती खाली बसून ढसाढसा रडली.

कान टोचायच्या दिवशी कुलदेवतेच्या देवळात बोकड कापून झाले, सुईवाला येऊन बसला, तरी मामाचा पत्ता नव्हता. वेलुसामी म्हणाला, "तुझ्या चुलतभावाला बसवू." रासात्ती डोक्याला पट्टी बांधून पुढच्या रांगेत बसली होती.

मग ढोल ऐकू आला.

शेन्नियप्पन पुढे चालत होता. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. गालावर भाजल्याचा डाग. मागे साडीचं ताट, फळांची ताटं, सोन्याच्या कुड्या, आणि सगळ्यांत शेवटी दोन माणसांनी पेललेलं काहीतरी जड, लाल कापडाखाली. अरुक्काणीनं कापड ओढलं. आत हार घातलेला पंखा होता. मोटर बाहेर, मधे पट्टा, बाजूला छोटं दार.

सगळं गोत बघत होतं. अरुक्काणीनं केसांतला आकडा काढला आणि पंख्याचा रंग खरवडला. तिच्या आईनं दंडाला चिमटा काढला, "अगं, जनाची तरी लाज." तिनं आणखी जोरानं खरवडला. खाली पांढरं कोरं पोलाद निघालं.

"दुसरीकडेही खरवड," शेन्नियप्पन म्हणाला. "आणि फोडायचा असेल तर दुसरा हात आहे अजून."

कयल त्याच्या मांडीवर बसली. सुई शिरली आणि पोरीनं टाहो फोडला. रासात्तीनं मान फिरवली. शेन्नियप्पननं डाव्या हातानं भाचीला घट्ट धरून ठेवलं, दुसरा कान होईपर्यंत.

पंगत बसली तेव्हा मात्र तो चपला शोधायला लागला. मामा न जेवता गेला तर आणलेला सीर मातीत गेला, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. अरुक्काणी आडवी आली.

"जेवून जा."

"कशानं जेवू? उजवा तू मोडलास. सगळ्यांदेखत डाव्या हातानं खाऊ?"

तिनं त्याला खांदा दाबून पानावर बसवला आणि स्वतः समोर बसली. भातात मटणाचा रस्सा कालवला, घास केला आणि त्याच्या तोंडाशी धरला. त्यानं तोंड उघडलं, घास घेतला, आणि तिची बोटं दातांत धरून चावला. मनापासून चावला. दात हाडाला लागले, रक्त रश्श्यात मिसळलं. शेजारची म्हातारी ओरडली. अरुक्काणीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं हात मागे घेतला नाही.

त्यानं बोटं सोडली तेव्हा तिनं विचारलं, "झालं?"

"मीठ कमी आहे," तो घास चावत म्हणाला.

तिनं त्याच हातानं मीठ घातलं आणि दुसरा घास कालवला.