टाकीतल्यांचे लाड

आमच्या कारखान्यात प्लायवूड चिकटवायचा गोंद बनतो आणि त्याच्या सांडपाण्यात फिनॉल असतं. फिनॉल म्हणजे विष. ते खायला मागच्या टाकीत जिवाणू पाळलेत आणि त्यांना सांभाळायचा मला पगार मिळतो. हाताखाली कोट्यवधी जीव आहेत, पण मला बसायला धड खुर्ची नाही.

त्या महिन्यात जिवाणूंनी कामच टाकलं. बाहेर पडणाऱ्या पाण्यात फिनॉल जसंच्या तसं. प्रदूषण खात्याच्या साहेबांनी नमुना नापास केला आणि बजावलं, सोमवारी परत येतो, पुन्हा नापास झालात तर कारखान्याला टाळं. मॅनेजर माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मीच ओंजळीने विष ओततेय. मी हवेचा पंप खोलला, पुसला, परत बसवला. पाण्याचं तापमान पाहिलं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं तर हे आपले टुणटुणीत, मजेत पोहतायत! मेले असते तर निदान दया आली असती. डोक्याला नुसता ताप.

मग मला मुंग्या दिसल्या. टाकीच्या कठड्यावर चांगली रांग लागली होती. फिनॉलच्या टाकीवर मुंग्या? मी रांगेच्या मागे मागे गेले, तर ती थेट कॅन्टीनच्या मागच्या दाराशी, सरबताच्या पाकाच्या बादलीपाशी. कॅन्टीन माझ्या सासूबाई चालवतात.

"आई, हा पाक टाकीत ओतता तुम्ही?"

"उरलेला ओतते. थोडा मुद्दामही करते." लाजबिज काही नाही. "दिवसभर विष खातात गं बिचारे. तोंड गोड करायला नको?"

मी कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, समोर साखर असली की ते विषाला तोंड लावत नाहीत. फिनॉल पचवायची हत्यारं त्यांना स्वतःच्या अंगातच घडवावी लागतात. कशी घडवायची ते जनुकांत असतं, पण साखर मिळतेय तोवर ती जनुकं बंद ठेवतात. उगाच कोण राबणार?"

"शहाणे आहेत की मग."

"शहाणेच आहेत. नोकरी आपली दोघींची जाणार आहे."

"म्हणजे गोड कायमचं बंद?"

"कायमचं."

"आणि खाणार काय?"

"विष."

त्यांनी बादली उचलून मोरीत पालथी केली आणि माझ्याशी बोलणं टाकलं. मोरीचं पाणी टाकीत जात नाही ना, हे मी आधी जाऊन पाहिलं. घरी त्या मला वाढायच्या, पण पळी ताटावर आपटून.

आधीची साखर संपल्यावर जिवाणू काही लगेच कामाला लागले नाहीत. बंद जनुकं चालू व्हायची, हत्यारं घडायची, त्याला वेळ लागतोच. हे मला माहीत होतं, तरी जीव टांगणीला लागला होता. सारखी जाऊन पाणी तपासायची आणि मनातल्या मनात त्यांना शिव्या घालायची. रविवारी फिनॉल उतरायला लागलं. सोमवारी साहेब आले, नमुना घेतला, तपासला, आणि पास! मॅनेजरला माझं नाव एकदम आठवलं. मी कागद घेऊन कॅन्टीनकडे पळत सुटले.

"आई, पास झालो! टाळं नाही लागत!"

त्या ओटा पुसत होत्या. "सगळं खाल्लं त्यांनी?"

"सगळं."

"उपाशी होते म्हणून."

"हो. पण आता बरे आहेत हो. अगदी छान चाललंय त्यांचं."

त्या पुसतच राहिल्या. सासरे मागच्या वर्षी गेले, मधुमेह होता त्यांना.

"ह्यांचंही गोड बंद केलं होतं ना," त्या म्हणाल्या. "साखरेचा डबा मी कुलपात ठेवायचे. शेवटी शेवटी चमचाभर मागायचे गं, लहान पोरासारखे हात पुढे करून. मी नाही दिली. सगळे म्हणायचे, त्यांच्या भल्यासाठीच आहे." त्यांनी माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. "गेले त्याच्या आदल्या दिवशी त्यांचाही रिपोर्ट चांगला आला होता."

मला रडू आलं. ओटा केव्हाच स्वच्छ झाला होता, तरी त्यांचा हात फिरत होता. मी तो धरला.