बारा शब्दांची चोपडी

मित्रांनो, मी एक जुनी चोपडी आहे. तळहातावर मावेन एवढी. तीन कागद मधोमध दुमडले की बारा पृष्ठं होतात, तेवढीच माझी लांबी, आणि दर पृष्ठावर एकच शब्द. एवढ्याशा मजकुरासाठी कुणी पुठ्ठा, कापड आणि दोरा खर्च करतं का, असं तुमच्या मनात आलं असेल. शब्द कोणते ते मात्र विचारू नका. इतकी वर्षं मी तोंड मिटून बसले आहे, आता तो स्वभावच झाला आहे.

माझा जन्म पुस्तकबांधणीच्या एका कारखान्यात झाला. कारखाना म्हणायचं आपलं, रस्त्यापासून दोन पायऱ्या खाली उतरलं की लागणारी ती एक लांबट खोली होती. तिथे तीन माणसं काम करत. शिवण आणि कापड चढवणं ताईंकडे. कटिंग मशीन आणि खळीची बादली त्यांच्या वहिनींकडे. आणि ताईंचे थोरले भाऊ, म्हणजे दादा, गिऱ्हाइकांशी बोलत. बोलण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

एकदा गणिताचे एक निवृत्त मास्तर आपल्या टिपणांचे सात खंड बांधून घ्यायला आले. काम पाहून त्यांचे डोळे भरून आले. मग जरा संकोचून त्यांनी विचारलं, की मजुरीतला थोडा भाग क्रिप्टो नाण्यांत दिला तर चालेल का. दादांनी कपाळाला आठ्या घातल्या. ताई म्हणाल्या, "चालेल. सात खंड कुणी वाचणार नाही हे ठाऊक असून माणूस बांधून घेतोय. त्याला नाही म्हणवत नाही."

मास्तरांनी ताईंच्या मोबाइलमध्ये एक वॉलेट बसवलं आणि शिकवायला बसले. "नाणी फोनमध्ये नसतात बरं का. ब्लॉकचेन म्हणजे एक मोठी वही. तिच्या हजारो प्रती हजारो संगणकांवर आहेत आणि सगळ्या एकसारख्या. कुणाकडे किती नाणी, ते त्या वहीत. तुमच्या फोनमध्ये फक्त किल्ली. फोन हरवला, फुटला, तर हे बारा शब्द दुसऱ्या फोनमध्ये याच क्रमाने घालायचे, किल्ली परत मिळते. फोटो काढायचा नाही. कुणाला सांगायचे नाहीत. मलासुद्धा नाही." आणि खरंच, पडद्यावर शब्द आले तेव्हा मास्तर उठून दारात जाऊन उभे राहिले.

वहिनी म्हणाल्या, "एवढं गुपित तर मी माहेरचंही ठेवलं नाही."

शब्द परक्या भाषेतले होते. ताईंनी ते एकेक अक्षर पाहून काळ्या शाईने उतरवले. एक कागद दुमडायचा, त्याच्या चार पृष्ठांवर चार शब्द लिहायचे, वाळू द्यायचा, मग दुसरा, मग तिसरा. लिहून झाल्यावर त्यांनी तिन्ही कागद उचलले, कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या आणि मला शिवलं. वर निळं कापड चढवलं. ते शब्द एका चिठोऱ्यावर लिहून रेशनच्या चिठ्ठीसारखे कुठेतरी खुपसता आले असते. पण ताईंच्या हातून ओबडधोबड काही होतच नसे. मला मेणकागदात गुंडाळून त्यांनी एका जाडजूड ग्रंथाच्या आतल्या खिशात ठेवलं. तो ग्रंथ बांधून तयार होता, पण त्याचा मालक न्यायला कधी आलाच नव्हता. पावसाच्या नोंदींचा ग्रंथ तो, त्याला कोण हात लावणार.

त्यानंतर माझी कुणालाच आठवण राहिली नाही. वर्षं गेली. मला वाईट वाटे, खोटं कशाला सांगू. पण फळीवर पडल्या पडल्या मी ताईंना ऐकत असे, आणि ऐकून ऐकून त्यांच्याबद्दलचा आदर वाढत गेला. कागद हाताळून हाताळून त्यांच्या बोटांच्या रेषा पुसट झाल्या होत्या. बोट टेकवून फोन उघडेना, म्हणून त्यांनी आठ आकडी पिन लावला, आणि तो दाबताना त्या फोन छातीशी धरत. चहाच्या दुकानातलं फुकटचं वायफाय त्या वापरत नसत. वॉलेटची नवी आवृत्ती आली की ती खऱ्या ठिकाणाहून आली आहे ना, हे मास्तरांनी शिकवलं होतं तसं तपासूनच घेत. दादा चिडवत, "हिच्या फोनपेक्षा बँकेत शिरणं सोपं." ताई हसत आणि दोरा ओवत.

मग तो दिवस आला. कटिंग मशीन फार जुनं होतं. लांब दांडा खाली ओढला की पातं येई, आणि मध्ये कागद आहे की हात, ते त्याला कळत नसे. दुपारची वेळ होती. वहिनी सरकलेली थप्पी सारखी करत होत्या आणि दांडा आपोआप सुटला. त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर गेलं. वहिनी दवाखान्यातून परत आल्या आणि आठवड्याने पुन्हा त्याच मशीनपुढे उभ्या राहिल्या, कारण दुसरं मशीन नव्हतं. त्या दिवशी पातं खाली आलं की ताईंचा दोरा तुटायचा. एकदा नाही, तीनदा तुटला.

ताईंनी नव्या मशीनची चौकशी केली. त्याच्या तोंडाशी प्रकाशाचा एक पडदा असतो. हात मध्ये आला की पातं जागच्या जागी थांबतं. किंमत ऐकून दादांनी घासाघीस करायची सोडून हात जोडले, यावरून काय ते समजा. आणि नेमके तेव्हा मास्तर आले. त्यांनी सांगितलं, की त्या वेळची ती चिमूटभर नाणी आता इतकी वधारली आहेत की मशीन येईल. वहिनी खाली बसल्या. विक्रेत्याने तीन आठवडे मशीन राखून ठेवायचं कबूल केलं.

"पण आज विकू नका," मास्तर म्हणाले. "वही सांभाळणाऱ्यांत नियमांवरून भांडण झालंय. परवा तिचे दोन फाटे होतील. याला फोर्क म्हणतात."

ताईंनी क्षणभर विचार केला. "म्हणजे एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्या. अमुक पानापर्यंत मजकूर तोच, पुढे वेगळा."

"अगदी तसंच. तुमची नोंद त्या पानाच्या आधीची, म्हणून ती दोन्हींत राहणार. जुनी नाणी आहेत तशीच, आणि तेवढीच नवी. पण दोन्ही वह्या नीट वेगळ्या होईपर्यंत काही हलवायचं नाही, नाहीतर एकीतला व्यवहार दुसरीतही उठू शकतो. आणि नवी नाणी देतो, बारा शब्द सांगा, असं जो म्हणेल तो चोर."

ताई थांबल्या. थांबणं त्यांना जमत असे. खळ वाळायच्या आत पुस्तक उघडायचं नाही, हे ज्यांच्या अंगी मुरलंय त्यांना ते जमतंच. पण फोर्क झाल्यावर चौथ्या दिवशी पुठ्ठ्यांची चळत उचलताना ताईंचा फोन टेबलावरून घसरला आणि थेट खळीच्या बादलीत गेला. बाहेर काढला तेव्हा तो कामातून गेला होता.

"काही बिघडत नाही," ताई म्हणाल्या. नवा फोन आणला. आणि पावसाचा ग्रंथ खाली आला. मित्रांनो, इतक्या वर्षांनी मला उजेड दिसला. मी तर नवरीसारखी मिरवत बाहेर आले. ताईंनी पहिल्या पृष्ठापासून शेवटच्या पृष्ठापर्यंत शब्द घातले. फोन म्हणाला, शब्द जुळत नाहीत.

त्यांनी पुन्हा घातले. एकेक अक्षर बोट ठेवून तपासलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. ताईंचा चेहरा पांढरा पडला. ज्या एका कामासाठी जन्म घेतला, तेच मला येत नव्हतं.

ताई मास्तरांना फोन लावायला पायऱ्यांवर गेल्या. तेवढ्यात दादांनी मोबाइलवर मदत करणाऱ्या कुठल्याशा गटात विचारलं आणि लगेच उत्तर आलं. आम्ही अधिकृत माणसं, चोपडीचा फोटो पाठवा, दहा मिनिटांत जुळवून देतो, शिवाय नवी नाणीही काढून देतो. दादांनी मला टेबलावर उघडून ठेवलं आणि मोबाइल वर धरला. दादा वाईट नव्हते. ते रोज पाहत होते, बायको कोणत्या मशीनपुढे उभी राहते ते.

वहिनींनी माझ्यावर हात ठेवला, तोच, अर्धं बोट असलेला.

"अहो, हात काढणार नाही मी. ताईंना येऊ दे."

"तुझ्यासाठीच करतोय."

"माहितीय. तरी नाही."

ताई आत आल्या. काय चाललंय ते त्यांनी पाहिलं. मास्तरांचा फोन लागला नव्हता. ताईंनी मला उचललं आणि पहिल्यांदा शब्दांकडे न पाहता माझ्याकडे पाहिलं. गिऱ्हाइकाने तक्रार घेऊन परत आणलेलं पुस्तक बघतात तसं. घडीवरून अंगठा फिरवला. मधला दोरा पाहिला: कागद तीन, पण शिवण एकाच घडीत. आणि कपाळावर हात मारून घेतला.

"वहिनी, मी कागद एकात एक घातले."

बांधणी करणाऱ्या माणसाशिवाय ही चूक कुणाच्या हातून झाली नसती. दुमडलेले कागद हातात आले की ते एकाच्या पोटात एक घालायचे, ही वीस वर्षांची सवय. पण ताईंनी शब्द लिहिले होते ते एकेका सुट्या कागदावर, चार चार. ते एकामागे एक ठेवायला हवे होते. एकात एक घातल्यावर पहिल्या कागदाचे शेवटचे दोन शब्द थेट चोपडीच्या शेवटी गेले आणि तिसऱ्याचे चारही मध्ये येऊन बसले. शब्द सगळे बरोबर, क्रम मात्र चुकलेला.

ताईंनी माझा दोरा कापला. दुखलं नाही, हलकं वाटलं. तिन्ही कागद त्यांनी टेबलावर एकामागे एक मांडले, नव्या फोनमध्ये शब्द घातले, आणि वॉलेट उघडलं. दादा वळून भिंतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी तर देऊन बसलो होतो."

"मीच चुकीचं बांधलं होतं, दादा," ताई म्हणाल्या.

दोन्ही वह्या नीट वेगळ्या झाल्याचा निरोप मास्तरांनी दिला, तेव्हा तीन आठवड्यांतले चार दिवस उरले होते. नवी नाणी काढायला जुने शब्द दुसऱ्या एका अनोळखी वॉलेटमध्ये घालावे लागणार होते, म्हणून ताईंनी आधी नवं वॉलेट उघडलं, नवे बारा शब्द लिहिले, एकामागे एक कागद लावून नवी चोपडी शिवली. नव्या वॉलेटमध्ये एकही नाणं टाकायच्या आधी ते फोनवरून पुसून टाकलं आणि चोपडीवरून पुन्हा उघडून पाहिलं. मग आधी अगदी थोडी नाणी पाठवली, ती पोहोचल्यावर उरलेली. सगळं सुखरूप हलल्यावरच जुन्या किल्लीने नवी नाणी काढली; ती फार निघाली नाहीत, कटिंग मशीन बसवायला येणाऱ्या माणसाच्या मजुरीपुरती निघाली. जुनी नाणी विकून मशीनचे पैसे मुदतीत भरले. आता माझे शब्द ज्या कुलपाचे, त्याच्याआड काही उरलेलं नाही. तरी ते मी तुम्हाला सांगणार नाही.

मित्रांनो, ताई माणूसच आहेत आणि माणूस चुकतो. मला त्यांचं कौतुक वाटतं ते यासाठी, की सगळे घाबरले असताना त्यांनी चूक परक्याच्या हाती दिली नाही, स्वतःच्या शिवणीत शोधली. तुम्हीही जे जपायचं ते जपा, आणि ठेवून देण्याआधी एकदा उघडून पाहा. मला कुणी तेव्हाच उघडून पाहिलं असतं, तर तो दिवस आलाच नसता.

नवं मशीन आलं त्या सकाळी कुणी आधी कागद लावला नाही. वहिनींनी बटण दाबलं, पातं खाली यायला लागलं, आणि त्यांनी सरळ आपला उजवा हात आत घातला. ताई ओरडल्याच. पातं थांबलं. वहिनींनी हात लगेच बाहेर काढला नाही. त्याच्याकडे पाहत त्या तशाच उभ्या राहिल्या, आणि मग बोट गेल्यापासून पहिल्यांदा रडल्या.