एक वाजताचा कॉल

अनिलकुमारने पद्माबाईचा उजवा हात धरून माउसवर ठेवला आणि वरून आपला तळहात दाबला.

"आता हळू सरकव. बाण कुठं गेला, सांग."

पद्माबाईने हात सरकवला. समोर उजेडाचा एक चौकोन होता, भर दुपारी उघड्या टाकलेल्या दारासारखा. ती त्यात जिथे बघेल तिथे मधोमध एक धुरकट डाग येऊन बसत होता. बाण असलाच तर त्या डागाच्या आत होता.

"तिथंच की."

"तिथंच म्हंजे? वर का खाली?"

"खाली."

"वर हाय, आत्या." तो हसला. "मेंढरं रानात आन् तू वाड्यात मोजायलीस."

"मला अडानीला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली.

तो हसला याचं तिला बरं वाटलं. अडाणी समजलं तर चालणार होतं.

अनिलकुमार तिच्या भावाचा, लिंबाजीचा मुलगा. गुलबर्ग्याला एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये कामाला होता. कॉलेजने काढून टाकलेल्या जुन्या मशिनींपैकी एक, कॅमेर्‍यासकट, त्याने मागून घेतली होती आणि रविवारच्या पहिल्या बसने ती पोत्यात गुंडाळून खटकचिंचोळीला आणली होती. हे सगळं तिच्या मुलासाठी, सिद्धरामसाठी. सिद्धराम आणि त्याची बायको हैदराबादला बांधकामावर होते. जेवणाची सुट्टी दुपारी एकला, अर्धा तास. रात्री उशिरापर्यंत स्लॅबचं काम, तेव्हा फोन धरायची सोय नाही. त्याची मुलगी प्रतीक्षा इथे आजीजवळ, तिसरीला. त्याला आईशी बोलायचं होतं, आणि नुसतं बोलायचं नव्हतं, बघायचं होतं.

"शेजारनीचा मोबाईल तू कानाला लावतीस," अनिल म्हणाला होता. "त्याला दिसतंय काय, तर तुझा कान. हितं कसं, खुर्चीत बसायचं आन् निवांत बोलायचं. पोरगी एकला शाळेत असती, म्हनून तुलाच शिकावं लागंल."

दिवाळीला आलेला सिद्धराम जाताना दारात थांबून म्हणाला होता, "आई, तुझे हातपाय, डोळे चालायलेत तवर पोर हितं. ज्या दिवशी न्हाई, त्या दिवशी मी घिऊन जातो." तो रागाने बोलला नव्हता. म्हणूनच ते वाक्य तिच्या मनातून गेलं नाही.

तिकडे म्हणजे कुठे, हे तिला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी ती महिनाभर राहून आली होती. बिल्डिंगच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्या. वर सहा मजले, एकालाही कठडा नाही. मजुरांची पोरं दिवसभर त्याच जिन्यांवर खेळत. तिथून परत आल्यावर चार महिन्यांनी तिला पहिल्यांदा सुईचं नाक दिसेनासं झालं. भालकीच्या शिबिरात डॉक्टरांनी डोळ्यात उजेड टाकून बघितलं. मोतीबिंदू नाही, म्हणाले. डोळ्याच्या आतल्या पडद्याला मधोमध डाग पडलाय, वाढू नये म्हणून उपचार बिदरला होतील, उशीर करू नका, कोणाला तरी बरोबर आणा. बरोबर आणायचं म्हणजे सांगायचं. ती गेली नाही.

आता माणसाचं तोंड बघायचं तर त्याच्या खांद्याकडे बघावं लागे. मग तोंड कडेला, पाण्यातून दिसावं तसं येई.

"माउस र्‍हाऊ दे," अनिल म्हणाला. "तुला सोपं करून देतो."

तो तासभर खटखट करत बसला. शेवटी त्याने खिशातून दोन जाड स्केचपेन काढली आणि कीबोर्डच्या वरच्या ओळीतली दोन बटणं रंगवली.

"लाल दाबलं की सिद्धरामला लागतंय. हिरवं दाबलं की बंद. दुसर्‍या कशाला हात लावू नको, सगळं उडून जाईल. कुठलं लाल?"

पद्माबाईने मान डोलावली.

"दाखव की."

"दिसायलंय की रे. चहा ठेवू का?"

गुलबर्ग्याला जायला त्याला साडेतीनची बस होती. चहा पिऊन तो गेला.

सोमवारी सकाळी प्रतीक्षाच्या वेण्या घालून झाल्यावर पद्माबाई खुर्चीत बसली आणि म्हणाली, "बघू, काकानं काय सांगितलं ध्यानात हाय का तुझ्या. लाल कुठलं? माझं बोट धरून ठेव त्याच्यावर."

पोरीने बोट धरून ठेवलं. "आन् हिरवं ह्ये."

"शहाणी. जा आता, घंटा व्हायलीय."

डाव्या हाताची दोन बोटं दोन बटणांवर ठेवून ती तशीच बसली. चपलांचा आवाज गल्लीच्या वळणावर गेला, मग शेजारच्या गंगव्वाच्या दारावरून गेला, मग थांबला. तेव्हा तिने उजव्या हाताने मांडीवर तयार ठेवलेलं ब्लेड उचललं.

तिच्या बापाकडे दोनशे मेंढरं होती. चार घरांचे कळप एकत्र चरत, आणि कोकरू कोणाचं हे कानावरून कळे. प्रत्येक घराची कानाला पाडायची खाच वेगळी. अंधार पडताना कोकरं वाटून घ्यायची तेव्हा दहा वर्षांची पद्मा डोळ्यांनी बघतही नसे, कान चिमटीत धरला की सांगे. बापाची खूण डाव्या कानाच्या कडेला, एकच, तिरकी.

लाल बटणाच्या कडेला तिने एक तिरकी खाच पाडली. बोट फिरवलं. लागली. हिरव्याला दोन पाडायच्या होत्या. पहिली पडली. दुसरीला ब्लेड अडकलं, तिने जोर दिला, आणि बटण निघून उडालं. टक् असा बारीक आवाज कुठेतरी फरशीवर झाला.

ती खाली बसली. आधी खुर्चीच्या पायांशी चाचपलं, मग टेबलाखाली. वायरींच्या गुंत्यात हात घालताना तिला वाटलं, आत्ताच सगळं उडून गेलं असेल. भिंतीच्या कडेने ती गुडघ्यांवर सरकत गेली. हाताला ज्वारीचे दाणे लागले, एक पेन्सिलचं टोक लागलं, प्रतीक्षाच्या केसांची पिन लागली. बाहेर कोणी हाक मारली की ती जागीच थांबे. गंगव्वाला विनाकारण आत यायची सवय होती, आणि गंगव्वाच्या मोबाईलमध्ये सिद्धरामचा नंबर होता. एकला कॉल लागला नाही तर तो पहिला फोन तिलाच करणार होता.

ज्वारीच्या कोठीखाली बटण सापडलं तेव्हा पोरांच्या जेवणाची घंटा होऊन गेली होती. ते जागेवर ठेवून तिने दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. बसलं. डब्याचं मोठं बटण दाबलं, मशीन सुरू झाल्याचा सूर वाजेपर्यंत थांबली, पदराने तोंड पुसलं आणि एक खाच शोधून दाबली.

घंटी वाजली. मग माणसांचा गलका, आणि त्यात सिद्धरामचा आवाज.

"आई! दिसायलीस की. एकदम साफ."

तिने खुर्चीला पाठ टेकवली.

"आई, कुठं बघायलीस? हिकडं बघ, समोर."

ती त्याच्या खांद्याकडे बघत होती. तिने नजर मधोमध आणली आणि मुलगा डागात गेला. मग पुढची पंधरा मिनिटं ती त्या डागाकडे बघून हसत बोलत राहिली. लेकाला बघितल्यासारखं दाखवायचं तर त्याला बघायचं सोडावं लागत होतं.

मंगळवारी जमलं. बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी जमलं. शनिवारी सून म्हणाली, "अत्ती, तुमी तर आमच्यापेक्षा हुशार निघालात," आणि मागे कोणीतरी मोठ्याने हसलं. पद्माबाईही हसली. रात्री अंथरुणावर मात्र ती रोज नव्याने हिशेब लावी: उद्या त्यांनी काही दाखवलं तर, काही वाचायला सांगितलं तर, वीज गेली आणि मशीन वेगळ्याच जागी उघडली तर.

रविवारी अनिलकुमार आला. कसं चाललंय ते बघायला, म्हणाला. प्रतीक्षा अंगणात गंगव्वाच्या नातीबरोबर खेळत होती. पद्माबाई कांदा चिरत होती. खुर्ची ओढल्याचा आवाज झाला, मग थोडी खटखट, मग नखाने काहीतरी खरवडल्यासारखा आवाज. एकदा. पुन्हा एकदा.

"आत्या, ह्ये काय झालंय बटनाला?"

"उंदरानं कुरतडलं आसंल."

अनिलने खाचेवरून पुन्हा बोट फिरवलं. लिंबाजीने मेंढरं विकली तेव्हा तो बारा वर्षांचा होता. खाच पाडताना कोकराचे पाय धरायचं काम त्याचंच होतं.

तो उठून तिच्यासमोर उकिडवा बसला.

"माझी किती बोटं हायत?"

विळीवरचा हात तिने काढून घेतला. त्याच्या खांद्याकडे बघितलं, मग कानाकडे. "तीन."

"मी हातच वर केला न्हाई, आत्या."

कांद्याचा वास डोळ्यांत गेला होता. तिने ते पुसले नाहीत.

"कवापासून?"

"दोन वर्सं व्हायली."

"सांगितलं कामून न्हाईस?"

"कुनाला सांगू? सिद्धरामला? तो दुसर्‍या दिवशी येऊन पोर उचलतो." तिचा आवाज खाली गेला. "तू बघितलं न्हाईस तिकडचं. मी तिथं आसताना एक लेकरू तिसर्‍या मजल्यावरनं पडून गेलं. आयाबाया दोन दिवस रडल्या आन् तिसर्‍या दिवशी परत विटा वाहायल्या. हितं शाळा हाय, दोन वेळचं हाय. मी चाचपत का हुईना, करायलीय की. तुला काय कमी दिसलं? सांग, काय कमी हाय घरात?"

अनिलने घराकडे बघितलं असावं. भांडी घासून पालथी घातलेली होती. फरशी पुसलेली होती.

"बिदरला दाखवू," तो म्हणाला. "मी नेतो तुला. पर दादाला..."

"त्याला सांगू नको. तुझ्या पाया पडते, अनिल."

"आसं बोलू नको, आत्या."

"मग सांगनार न्हाईस म्हन."

तो काही म्हणायच्या आत टेबलावर घंटी वाजू लागली. आज सिद्धरामनेच लावला होता. प्रतीक्षा अंगणातून धावत आली, तिघं मशिनीसमोर दाटीवाटीने बसली आणि अनिलने बटण दाबलं.

"अरे, अनिल पन हाय व्हय आज," सिद्धराम म्हणाला. "काय साहेब, आमच्या आईला पास केलं का नापास?"

शेजारी अनिलने घसा साफ केला.

"पास," तो म्हणाला. "पयल्या नंबरानं."

पलीकडे सून हसली. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. पाऊस नाही, तूर फुलावर आली, आप्पारावच्या मुलाचं लग्न ठरलं. प्रतीक्षाला बाईंनी वहीत लाल शेरा दिला होता. ती वही घेऊन आली आणि कॅमेर्‍यासमोर दोन्ही हातांनी उंच धरली.

"वाचता येईना की, जरा मागं घे," सिद्धराम म्हणाला. मग म्हणाला, "थांब. मनगटाला काय झालंय तुझ्या?"

"काही न्हाई, अप्पा." वही खाली आली.

"काही न्हाई कसं? बाही वर कर. भाजलंय ते. आई, कवा भाजलं हिला?"

पद्माबाईने हात पुढे केला. पोरीने आपला मागे घेतला. पद्माबाईने दंड धरला आणि बोटं हळूहळू खाली नेली. कोपरापाशी कातडी नेहमीची होती. मनगटाच्या वर चार बोटं रुंद जागा ओलसर होती, कडेने खरबरीत. प्रतीक्षाने तोंडातून आवाज येऊ दिला नाही, पण हात ताठ झाला.

तीन दिवसांचं तरी असेल. गुरुवारी संध्याकाळी वरणाचं पातेलं उतरवायला ती गॅसपाशी गेली तेव्हा ते आधीच खाली ठेवलेलं होतं. मीच उतरवलं, आज्जी, तुला हात पोळतो म्हनून. तिने पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला होता. गुणाची गं माझी, म्हणाली होती. त्यानंतर तीन रात्री पोर तिच्या कुशीत झोपली होती, आणि शाळेत जाताना रोज डावाच हात तिच्या हातात दिला होता.

"आई?" सिद्धराम म्हणाला. "आई, तुला दिसलं न्हाई व्हय ते?"

"दादा, त्ये ठाव हाय आत्याला," अनिल मधेच म्हणाला. त्याचे शब्द भराभर येत होते. "आत्यानंच मलम लावलंय. सकाळी मी पन बघितलं. सुकत आलंय, काळजीचं काही न्हाई."

घटकाभरापूर्वी तिने त्याच्याकडे हेच मागितलं होतं. तो ते देत होता, आणि चांगलं देत होता. पलीकडे सिद्धरामने सोडलेला श्वास तिला ऐकू आला.

"आसं व्हय," तो म्हणाला. "मला वाटलं..."

"अनिल," पद्माबाई म्हणाली, "गप र्‍हा तू."

पोरीचा हात अजून तिच्या हातात होता.

"मला दिसलं न्हाई, सिद्धराम. मला आता कळालं."

पलीकडे कोणीतरी लोखंडी पाटी आपटली. सून काहीतरी पुटपुटली.

"आज्जी, मला दुखत न्हाई," प्रतीक्षा तिच्या कानाशी म्हणाली. "खरंच न्हाई. अप्पाला सांग की, दुखत न्हाई म्हनून."

पद्माबाईने तिची बाही भाजल्या जागेला लागणार नाही अशी बेताने वर दुमडली. एक घडी, मग दुसरी.

"सिद्धराम," ती म्हणाली, "तू कवा यायलास?"