पंख लावलेला मोआ

मित्रांनो, मी मोआ पक्षी आहे. खरा नव्हे, कोल्हापुरातल्या एका तालीम मंडळाच्या गणपतीच्या देखाव्यासाठी बांबू, गोणपाट आणि प्लास्टर यांचा केलेला. मला शहामृग म्हणू नका, फार राग येतो. शहामृगाला निदान नावापुरते तरी पंख असतात, मोआला तेवढेही नव्हते. पण मान वर करून तो उभा राहिला असता, तर शहामृग त्याच्यापुढे ठेंगणं दिसलं असतं!

मला मूर्तिकार आकाराममामांनी घडवलं. काथ्या विंचरून त्यांनी माझी पिसं केली आणि मानेत गाडीच्या वायपरची मोटार बसवली. त्या वर्षी देखावा होता 'संपलेले प्राणी'. गणपती झाले की पुतळे मोडायचे आणि त्याच सांगाड्यांवर पुढच्या वर्षीचे करायचे, ही मंडळाची रीत. माझ्या शेजारच्या डायनासोरचा नंदी झाला. मी मात्र वाचलो, कारण लोक खास मला बघायला येत होते. मग देखावा कुठलाही असो, मंडपाच्या तोंडाशी मी मान हलवत उभा असायचो.

शाहूवाडीच्या बयाबाई तर दरवर्षी यायच्या. पहिल्या वर्षी त्यांनी आकाराममामांना विचारलं होतं, "आवं, ह्यो खरंच हुता व्हय?"

"हुता की. लांब, समिंदरापल्याड, न्यूझीलंडात."

"मग गेला कुठं?"

"मानसं तितं गेली आन् खाऊन संपिवला."

बयाबाई माझ्या पायांकडे बराच वेळ बघत राहिल्या होत्या. खरं सांगू? लोक असे गप्प झाले की मला बरं वाटायचं. ज्याला कुणी पाहिलं नाही, त्याच्यासाठी क्षणभर तरी कुणी हळहळत होतं.

मागच्या वर्षी मंडळाला गरुड हवा होता. अध्यक्ष सयाजीराव म्हणाले, "नवा कराय येळ न्हाय. ह्येलाच पंख लावा."

"अध्यक्ष, ह्येला पंख नसत्यातच. त्येच तर ह्येचं..."

"कोण बघाय आलंय? लावा!"

आकाराममामांनी ड्रिल उचललं. त्यांनी माझ्या खांद्यांना भोकं पाडून थर्माकोलचे पंख आवळले, चोच वाकवली आणि काथ्यावर सोनेरी रंग मारला. मी देखणा दिसत होतो, हे कबूल करतो. लोक हात जोडायचे, फोटो काढायचे आणि पुढे जायचे. एवढा मान मला कधी मिळाला नव्हता, आणि एवढं एकटं कधी वाटलं नव्हतं. माझ्याबद्दल कुणी काहीच विचारत नव्हतं.

एका संध्याकाळी बयाबाई नातीला घेऊन आल्या. वर्षाराणी तिचं नाव. मला पाहायचं म्हणून ती शाहूवाडीजवळच्या मलकापुरातून एस.टी.त उभ्यानं आली होती. माझ्यासमोरच उभ्या राहून बयाबाईंनी विचारलं, "आमचा त्यो बिनपंखाचा पक्षी कुठं हाय?"

आकाराममामांनी खाली बघितलं. "मोडला, आक्का."

वर्षाराणीचा चेहरा रडवेला झाला. "म्हंजी आज्जी, त्यो दुसऱ्यांदा संपला?"

मला ओरडून सांगावंसं वाटलं, अगं, मी इथंच आहे! पण मोटार फक्त मान हलवते.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आकाराममामा करवत घेऊन शेडमध्ये आले. कुणाला न विचारता त्यांनी पंख कापले, चोच सरळ केली, नवा काथ्या चिकटवला. सयाजीराव दारात येऊन उभे राहिले. मामा मागे न बघताच म्हणाले, "ह्येला आता कोन हात लावायचा न्हाय." अध्यक्षांनी दोघांसाठी चहा सांगितला.

मित्रांनो, मी वाचलो, कारण मी काथ्याचा आहे. खऱ्या मोआला परत आणणं कुठल्याच कारागिराच्या हातात नाही. बयाबाईंच्या शाहूवाडीच्या रानात मोठ्या चोचीचा धनेश पक्षी अजून उडतो. त्याची उंच झाडं राखा, त्याला ढोलीत निवांत अंडी घालू द्या. आकाराममामांचा हात फार चांगला आहे, पण धनेशाचा पुतळा करायची वेळ त्यांच्यावर कधी येऊ नये.