उसाच्या गावची मर्यादवेल

"हितं समुद्र ऐकू येत नाय?"

नव्या नवरीचा तो आवाज सयाजीच्या कानात अजून तसाच होता. तळकोकणातून घाट चढून शिरोळच्या काळ्या रानात आलेल्या बायडाबाईनं दिवेलागणीला, सोप्यात सगळे बसलेले असताना विचारलं होतं. सयाजी खदखदून हसला होता. रानाकडं हात करून म्हणाला होता, "त्यो काय सळसळतोय ऊस! त्योच समज समुद्र."

सगळं घर हसलं. बायडाबाईही हसली. मात्र त्यानंतर तिनं समुद्राचं नाव काढलं नाही. माहेरच्या लग्नकार्याला जायची ती दोन दिवसांची. दावणीच्या म्हशी वाट बघत उभ्या. नाव निघेना, तसं ते हसू सयाजीच्या मनात कुसळासारखं राहून गेलं. दिसायचं नाही, पण हात फिरवला की टोचायचं.

मग लेकीनं एक काम काढलं. निशिगंधा शिकून वेंगुर्ल्याकडं, नेमकी आजोळच्याच किनाऱ्यावर कामाला लागली होती. तिथल्या वाळूच्या टेकड्या फिरायला येणाऱ्यांच्या गाड्यांनी सपाट करून टाकल्या होत्या. त्यांच्यावरची, वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल चाकाखाली गेली आणि मोकळी झालेली वाळू वाऱ्यानं उडून लोकांच्या परड्यात शिरली.

"असली कसली माणसं म्हणायची ही?" सयाजी तापला.

"गाड्यांच्या नंबरपाट्या बघितल्या आबा. निम्म्या एमएच झिरो नऊ."

"म्हंजी आमच्याच की कोल्हापूरच्या!"

"व्हय की. म्हणून नव्यानं लावायची रोपंबी कोल्हापूरचीच जाऊ देत. तिथं गोडं पाणी कमी. तुमच्याकडं शेडनेट हाय, ट्रे हाईत, आणि हात हाय."

सयाजीची उसाची रोपवाटिका पंचक्रोशीत नावाजलेली. बायकोच्या माहेराला आपल्या हातचं काही हिरवं लागावं, एवढं एकच त्याच्या मनानं घेतलं. निशिगंधानं ओल्या पोत्यात गुंडाळून वेलीची कांडकी पाठवली आणि फोनवर बजावलं, "पाणी बेतानं. खत अजिबात नको."

आता ज्याच्या दारात कुत्रंसुद्धा उपाशी राहिलं नाही, तो रोपाला उपाशी ठेवणार कसा? सयाजीनं काळी कसदार माती घातली, शेणखत घातलं, जीवामृत पाजलं. दोन वेळा पाणी. वेल अशी माजली की ट्रेमधून उतरून वाटेवर आली. पानं कशी, म्हशीच्या खुराएवढी! येईल त्याला सयाजी दाखवायचा, "बघा पावणं, समुद्राचं लेकरू. कसं बाळसं धरलंय!"

गणपती झाले आणि टेम्पो भरून रोपं घाट उतरून गेली. पंधरवड्यात निशिगंधाचा फोन आला.

"आबा, सगळी गेली. खारा वारा लागला आणि माना टाकल्या."

"आजारी पडली का काय?"

"लाडानं मेली. ताटात घालून वाढवलेलं लेकरू तुम्ही वाळूत सोडलंसा."

सयाजी त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बायडाबाई पदर खोचून शेडनेटमध्ये शिरली. ट्रेमधली माती तिनं पाटीत ओतली, नदीची वाळू आणून भरली. वाटेवर माजलेल्या वेलीचीच कांडकी खोचली. पाणी द्यायची ती चूळभर, आणि त्यातही कधी चिमूटभर मीठ.

"रोपाला मीठ घालत्यात व्हय गं? मरतील की!"

"मरणारी तितं जाऊन मरण्यापरीस हितंच मरू देत," ती म्हणाली आणि खाली बसून गुणगुणायला लागली.

वाळूच्या गं वेली, वाळूत रोव पाय
पल्याड गाजे दर्या, अल्याड निजे माय

तिच्या आईची ओवी. इतक्या वर्षांत ती या घरात कधी उमटली नव्हती. सयाजी शेडनेटबाहेरच उभा राहिला. आत जाऊन ती थांबवायचा त्याला धीर झाला नाही. रोपं खुजी, पानं जाड, मुळं मात्र वाळूला घट्ट धरून.

दिवाळी झाली. सयाजीच्या रानातला ऊस कारखान्याला गेला आणि दुसऱ्याच दिवशी नवराबायको टेम्पोत बसून निघाली. गडहिंग्लज, आजरा, आंबोली, आणि मग खाली खाऱ्या वाऱ्यात.

किनाऱ्यावर निशिगंधानं सुरूच्या वाळक्या फांद्यांचं बुटकं कुंपण केलं होतं. मध्ये रंगाचे पट्टे ओढलेल्या काठ्या रोवलेल्या. वाळू किती चढली ते त्यावर दिसायचं. कुंपणाच्या आडोशाला हातभर वाळू आधीच साठली होती.

"ह्ये तर बांध घालणंच झालं की!" सयाजी खूश होऊन म्हणाला.

"बांधच. पण आबा, वारा घालतोय. आपण फक्त वाळू अडवायची."

दिवसभर तिघांनी रोपं लावली. उन्हं कलल्यावर निशिगंधा हात झाडत म्हणाली, "आता उन्हाळा सरेपर्यंत इथं कुणीतरी राहायला पाहिजे. रोपांना घोटभर पाणी, काठ्यांवर नजर, आणि गाड्या आल्या की आडवं उभं राहायचं. कोल्हापूरकरांना कोल्हापुरीतच झापणारं माणूस पाहिजे."

सयाजी हसला. हसता हसता त्याचं लक्ष गेलं. बायडाबाई चपला हातात घेऊन ओल्या वाळूवर उभी होती. लाट येऊन तिचे पाय बुडवत होती आणि तिची मान किंचित कलली होती, पाळण्यातल्या लेकराचा श्वास ऐकावा तशी. अशीच मान कलवून ती घरी परसदारी उभी राहायची, उसाच्या कडेला. त्याला वाटायचं, म्हशीची चाहूल घेते.

तो जवळ गेला. "काय ऐकतीस गं?"

"काय न्हाय."

"न्हाय कसं? बोल की. म्हशींचं मी बघतो."

तिनं वळून त्याच्याकडं बघितलं. मग पुन्हा पाण्याकडं.

"तुमी म्हणलासा, ऊस म्हंजी समुद्र. मी मानलं. लई ग्वाड वाजतो वो तुमचा ऊस, खोटं कशाला बोलू. त्याच्याच आवाजात झोपत आले. पर त्यो दरसाल तोडत्यात. तोडणी झाली की रान गप पडतंय, आन् मग मला करमत न्हाय. यंदा पुन्हा ऊस वाजायला लागंस्तवर मला हितं ऱ्हायचंय."